जुन्या गाडीचा स्टिरिओ: आधी अँप्लिफायर कुठे आहे ते शोधा

पुणे-हैदराबाद महामार्गावर असल्यामुळे सोलापुरात विक्रीला येणारी जुनी गाडी एमएच-१३ चीच असेल असं नाही. एमएच-१२, एमएच-१४, विजयपूरची केए-२८, कलबुर्गीची केए-३२, तेलंगणाची, कुठलीही पाटी दिसते. गाडीगणिक स्टिरिओ वेगळ्या हातांतून गेलेला असतो. ‘सिस्टीम कंपनीची आहे’ असं विकणारा सांगतो, पण ती कारखान्यात बसलेली आहे की शोरूमनं डिलिव्हरीच्या दिवशी ॲक्सेसरी म्हणून ठोकलेली, हे त्यालाही बहुतेकदा ठाऊक नसतं. पुढचा सगळा खर्च मात्र त्यावरच ठरतो. कुठल्या काळातल्या गाडीत अँप्लिफायर (स्पीकरला ताकद देणारा भाग) कुठे असायचा हे समजलं, तर अर्धं निदान डॅशबोर्ड न उघडताच होतं.

गाडीत रेडिओ आला तो १९३० च्या सुमारास. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये ‘मोटोरोला’ नावानं कार रेडिओ विकायला काढला. युरोपात १९३२ चा ब्लाउपुंक्टचा एएस-५ आला, तो सुमारे १५ किलोचा होता. व्हॉल्व्हवर (काचेच्या नळ्यांवर) चालणारे हे रेडिओ होते आणि व्हॉल्व्हला शेकड्यांत व्होल्ट लागतात, म्हणून बॅटरीचा दाब वाढवणारी यंत्रणाही सोबत वागवावी लागे. ट्रान्झिस्टर आले तसा पेटारा डॅशमध्ये मावू लागला. फिलिप्सनं १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट आणली आणि तिच्या मागोमाग गाडीतला ‘टेप’ आला.

आपल्याकडच्या पद्मिनी आणि अॅम्बेसेडर याच काळातल्या. त्यांतली एक सवय आजही नवे स्टिरिओ जाळते. तेव्हाच्या टेपमध्ये स्पीकरची एकच तार ओढायची आणि दुसरं टोक बॉडीला अर्थ करायचं, हे चालून जायचं. पुढे डेकमध्ये, म्हणजे डॅशमधल्या मुख्य युनिटमध्ये, ब्रिज पद्धतीचं आउटपुट आलं. त्यात स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. उणे तार बॉडीला टेकली की आयसी (डेकमधलाच अँप्लिफायर) एकतर बंद पडतो नाहीतर जळतो. जुन्या गाडीत नवा डेक बसवताना म्हणूनच आधी मल्टिमीटर घ्यावा. डेक सुटा करून स्पीकरच्या प्रत्येक तारेची बॉडीशी कंटिन्युइटी (विजेचा जोड आहे का ते) तपासावी. बझर वाजला तर त्या स्पीकरपर्यंत नवी दोन तारांची जोडी ओढल्याशिवाय डेक लावू नये.

ब्रिज पद्धतीनंही बॅटरीची मर्यादा संपत नाही. इंजिन चालू असताना सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरवर त्यातून विकृती न येता जास्तीत जास्त २६ वॅट निघू शकतात. आयसीतली गळती वजा केली की हातात १८ ते २० वॅट राहतात. खोक्यावर ‘४×५०’ (चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट) छापलेलं असो नाहीतर ‘४×६०’, गणित हेच. हजारो रुपयांचे १०० वॅटचे स्पीकर घेऊन साध्या डेकला जोडणाऱ्यांचा अपेक्षाभंग इथेच होतो.

या मर्यादेवर वाटा दोन. व्होल्टेज चढवणारा वेगळा अँप्लिफायर लावायचा, किंवा स्पीकरचा ओहम कमी करायचा. बोसनं १९८३ मॉडेलच्या कॅडिलॅक सेव्हिलसाठी जनरल मोटर्सबरोबर जी सिस्टीम केली, तिच्यात प्रत्येक स्पीकरला स्वतःचा अँप्लिफायर होता. पुढेही बोसच्या सिस्टीममध्ये बऱ्याचदा २ ओहम किंवा त्याहून कमी ओहमचे स्पीकर आले. किया सेल्टोस (२०१९) किंवा २०२० च्या क्रेटाच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये जाळीवर ‘बोस’ दिसलं, तर अँप्लिफायर वेगळा आहे असं धरूनच कामाला लागावं. तिथे बाजारातला ४ ओहमचा स्पीकर लावला तर त्याला मिळणारे वॅट निम्म्यावर येतात, आणि मूळ स्पीकरसाठी बसवलेली इक्वलायझेशन (सुरांची कमी-जास्त) चुकीच्या जागी काम करते. उलट टाटाच्या गाडीत ‘हर्मन’ दिसलं म्हणून सीटखाली अँप्लिफायर सापडेलच असं नाही. बऱ्याच व्हेरिएंटमध्ये ते नाव मुख्य युनिटपुरतंच असतं. बलेनोवरचं ‘आर्कामिस’ म्हणजे सॉफ्टवेअरमधलं ट्यूनिंग. स्टिकर बघून भाव वाढवून देण्याआधी एवढं तपासलेलं बरं.

डेक बदलणं एके काळी स्वस्त आणि सोपं होतं, कारण मापं ‘डिन’ या मानकानं ठरलेली होती. सिंगल डिनचा गाळा १८०×५० मिलिमीटर, डबल डिनचा १८०×१००. युरोपीय गाड्यांत मागे आयएसओ कपलर (तारांचा प्रमाण जोड): एका ब्लॉकमध्ये पॉवर, दुसऱ्यात स्पीकर. जांभळी जोडी मागचा उजवा, करडी पुढचा उजवा, पांढरी पुढचा डावा, हिरवी मागचा डावा. पॉवरच्या ब्लॉकमध्ये चौथी आणि सातवी पिन महत्त्वाची. एकीवर बॅटरीचा कायमचा करंट, दुसरीवर चावीचा. काही कंपन्यांनी या दोन्हींची अदलाबदल केली आहे. चावी काढली की स्टेशनं आणि घड्याळ पुसलं जातं, किंवा गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते, तेव्हा पहिला संशय इथे घ्यावा. मारुती, टोयोटा, हुंदाई यांचे कपलर वेगळे. दोन-तीनशे रुपये वाचवायला मूळ कपलर कापून तारा पिळणारा फिटर टाळाच. त्या गाडीचा रूपांतर कपलर बाजारात मिळतो.

मग डेक डॅशचाच भाग झाला. २००८ मध्ये आलेल्या आय२०च्या पिढीत स्टिरिओ पॅनलमध्येच एकजीव, बटणं स्टिअरिंगवर. सुरुवातीला ही बटणं वेगवेगळ्या रेझिस्टन्सवर चालत, त्यामुळे नव्या डेकला ‘शिकवता’ येत. नंतर हेच काम कॅन बसवर, म्हणजे गाडीतल्या यंत्रणांच्या समाईक डेटा तारांवर गेलं (बॉशनं ती १९८६ मध्ये जाहीर केली होती), आणि रिव्हर्स कॅमेरा, पार्किंग सेन्सरचा बीप, गाडीच्या सेटिंग्जही स्टिरिओतून जाऊ लागल्या. अशा गाडीत कॅन बॉक्सशिवाय (नव्या डेकला कॅन बसशी जोडणाऱ्या डबीशिवाय) डेक उपटला की नुसतं गाणं जात नाही. आमचं मत स्पष्ट आहे: साधारण २०१५ नंतरच्या टचस्क्रीन गाडीत मूळ युनिट जागेवर ठेवावं आणि त्याच्या स्पीकर तारांवरून हाय-लेव्हल इनपुटचा डीएसपी (आवाजाची डिजिटल दुरुस्ती करणारा) अँप्लिफायर चालवावा. कंपनीचं युनिट आवाज वाढवला की बेस मुद्दाम कापतं, म्हणजे छोटे स्पीकर फाटत नाहीत. डीएसपीत ते सरळ करता येतं.

गाडी बघायला गेल्यावर आरसीवरचं व्हेरिएंट वाचा. सर्वांत खालच्या मॉडेलमध्ये मोठी स्क्रीन असेल तर ती नंतरची. फेडर पुढे-मागे, बॅलन्स डावी-उजवीकडे नेऊन प्रत्येक कोपरा वेगळा ऐका. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर ‘एएमपी’ लिहिलेला २० ते ३० अँपिअरचा फ्यूज शोधा, मग पुढच्या सीटखाली, ग्लोव्हबॉक्समागे आणि डिकीच्या बाजूच्या ट्रिममागे टॉर्च मारा. होंडा, स्कोडा, फोक्सवॅगनच्या जुन्या युनिटला बॅटरी काढल्यावर कोड लागतो. कोडचं कार्ड व्यवहाराआधी मागून घ्या.

डोअर पॅड काढायची परवानगी मिळाली तर स्पीकर सुटा करून ओहम मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो, २ ओहमचा १.६ ते १.९. ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) कपॅसिटरमधून जोडलेला असला तर तो मीटरला दिसत नाही, कारण कपॅसिटर डीसी अडवतो. मोठ्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल तर कोन पुढे येतो. एका दाराचा कोन पुढे आणि दुसऱ्याचा मागे गेला, तर बेस का मेला ते कळलं. दारातलं पातळ प्लास्टिक मात्र होतं तसं चिकटवा. ते फाडून टाकलं की काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी स्पीकरवर आणि पॅडमध्ये येतं. नवा स्पीकर घेताना काच पूर्ण खाली करून मागची खोली मोजा. मॅग्नेटला काच घासते ती पहिल्याच दिवशी.

सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅश त्याहून कितीतरी जास्त तापतो. फोमची कड असलेले स्पीकर अशा उष्णतेत लवकर भुगा होतात. रबराची कड घ्या. हवा न खेळणाऱ्या गाळ्यातला स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओ दुपारी अडखळतो.

चार चॅनलच्या, खऱ्या ५० वॅटच्या अँप्लिफायरला पूर्ण आवाजात २५ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. तार निदान ८ चौरस मिलिमीटर शुद्ध तांब्याची हवी. स्वस्त किटमधली तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार जवळजवळ दीडपट जाड घ्यावी लागते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, आणि अर्थ रंग खरवडलेल्या पत्र्यावर.

नवा डेक लावल्यावर आकाशवाणी सोलापूर गावात नीट लागते, पण मोहोळकडे निघालं की खरखर सुरू होते, अशी तक्रार आली तर निळी तार बघा. छतावरच्या ॲक्टिव्ह अँटेनाला त्या तारेतून १२ व्होल्ट लागतात, आणि कपलर बदलताना ती हमखास मोकळी राहते.