कासवाच्या पाठीवरचे कृमी म्हणजे आजार नव्हे

गोड्या पाण्यातल्या कासवाच्या कवचावर सूत्रकृमी (धाग्यासारखे बारीक कृमी) सापडले की ‘त्याला जंत झालेत, रक्त पितात’ असं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. कासवांना जंत होतात, पण ते शरीराच्या आत. उदाहरणार्थ, स्पायरॉक्सिस जठरात राहतो. त्याची पिल्लं पाण्यातल्या सूक्ष्म कोपेपॉड प्राण्यांमार्फत कासवाच्या पोटात जातात.

कवचावरची गोष्ट निराळी. तिथे शेवाळ आणि गाळाचा थर साचतो. त्यात बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही लहान, मुक्तजीवी (म्हणजे परजीवी नसलेले) सूत्रकृमी जिवाणू आणि शैवाल खाऊन जगतात. कासव त्यांच्यासाठी फक्त चालतीफिरती जमीन!

मग ओळखायचं कसं? कृमीचं तोंड पाहा, असं मी आवर्जून सांगेन. पोकळी साधी नळीसारखी आहे, की आत दात किंवा सुईसारखा भाला आहे, यावरून आहाराचा चांगला अंदाज येतो. पुढे शेपटीचा आकार, नराचे मैथुनकंटक (मिलनासाठीचे काटे), जोडीला डीएनए. जाती नवी ठरलीच, तर तिचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध करून प्रमाण-नमुना (ज्यावरून जातीचं वर्णन केलं तो नमुना) शक्यतो संग्रहालयात ठेवतात. एवढं सगळं झाल्याशिवाय नुसत्या वळवळीवरून ‘परजीवी’ म्हणणं त्या कृमीवर अन्यायच. त्यापायी कवच खरवडणं तर कासवालाच इजा करणारं.