रेबीज मेंदूत पोचतो कसा: एलसी-८ प्रकरणाची पार्श्वभूमी

एलसी-८ हा पेशीत माल ओढणाऱ्या डायनीन या मोटरचा छोटा भाग, आणि वाद असा की रेबीजचा व्हायरस त्यालाच लटकून मेंदूत जातो का. रेबीज नर्व्हमधून वर चढतो हे १८८९ मध्येच सशांवर दाखवलं होतं, सायटिक नर्व्ह (मागच्या पायाची मोठी नस) कापली की रोग अडायचा. मधली बरीच दशकं सोडून देऊ. १९७९ मध्ये उंदरांच्या त्याच नर्व्हवर कोल्चिसिन लावलं (हो, गाऊटवालंच), मायक्रोट्युब्यूल (पेशीतले वाहतुकीचे रूळ) विस्कटले आणि व्हायरस अडकला. मग १९८५ मध्ये स्क्विडच्या अ‍ॅक्सॉनमधून (नर्व्ह पेशीची लांब तार) त्या रुळांवर माल बाहेरच्या दिशेने ओढणारं कायनेसिन सापडलं, १९८७ मध्ये पेशीतल्या आतल्या दिशेने ओढणारं डायनीन, म्हणजे मोटर मिळाली, आता व्हायरस तिला कुठे लटकतो एवढंच शोधायचं राहिलं.

खरा गोंधळ इथून पुढे. २००० मध्ये दोन लॅबनी वेगवेगळं काम करून सांगितलं की रेबीजच्या आतलं पी प्रोटीन डायनीनच्या एलसी-८ या छोट्या भागाला चिकटतं. झालं, सगळ्यांनी बाण काढून आकृत्या छापल्या. वर्षभरात तो चिकटणारा तुकडा काढून टाकलेला व्हायरस उंदरांच्या पिल्लांना टोचला तर तो तरीही मेंदूत गेला! आधीच कमजोर केलेल्या स्ट्रेनची ताकद मात्र घटली, त्यामुळे वाद लगेच मिटला नाही. २००७ मध्ये कळलं की तुकडा नसला की मार खातं ते मेंदूत पोचल्यावरचं ट्रान्सक्रिप्शन (व्हायरसच्या जीन्सच्या नकला काढणं), प्रवासाचा त्यात फारसा संबंध नाही. शिवाय एलसी-८ डायनीनशी काही घेणंदेणं नसलेल्या ढीगभर प्रोटीन्सनाही चिकटतं, आणि डायनीन आणि माल दोघंही त्याच्या एकाच खोबणीत बसतात, मग ते दोघांना जोडणार कसं?

माझ्या मते २००८ च्या प्रयोगानंतर फार बोलायला जागा राहिली नाही. व्हायरसच्या आवरणाला एक रंग, आतल्या भागाला दुसरा, आणि अ‍ॅक्सॉनमध्ये दोन्ही ठिपके एकत्रच पळताना दिसले. म्हणजे अख्खा व्हायरस आवरणासकट, पेशीच्या पिशवीत बसून जातो, पी प्रोटीन आवरणाच्या आत बंद, ते डायनीनला हात कुठून लावणार! हर्पिसचं वेगळं, तो आवरण बाहेर टाकून नुसता कॅप्सिड (जीन्सभोवतीचं प्रोटीनचं कवच) डायनीनवर चढवतो (हे १९९७ चं), बहुतेक त्याच नजरेने रेबीजकडे बघितलं गेलं.

२०१४ मध्ये लक्ष बाहेरच्या जी प्रोटीनकडे वळलं. ते नर्व्ह पेशीवरच्या पी७५ रिसेप्टरला धरतं आणि त्या पिशव्या जास्त वेगाने वर जातात. पी७५ नसेल तरी व्हायरस जातोच, फक्त हळू.