लुआलाबाचं पाणी जातं कुठं? काँगोच्या वाटणीची पार्श्वभूमी

ब्राझाव्हिल (काँगो प्रजासत्ताक) आणि किन्शासा (काँगो लोकशाही प्रजासत्ताक) या दोन देशांच्या राजधान्या, पण काँगो नदीच्या दोन काठांवर अगदी समोरासमोर. एकाच खोऱ्याचे असे तुकडे कसे पडले, हे सांगताना सहसा १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेपासून सुरुवात होते. माझ्या मते ती त्याआधी, १८७१ मध्ये, लुआलाबा नदीकाठच्या न्यांग्वे या बाजाराच्या गावी करायला हवी.

त्या वर्षी स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन न्यांग्वेत होता. समोरची रुंद नदी उत्तरेला वाहत होती आणि ही नाईलच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. नाईलच्या उगमाचा वाद तेव्हा मिटला नव्हता. इंग्रज प्रवासी जॉन स्पीकनं १८५८ मध्ये व्हिक्टोरिया सरोवर पाहिलं, १८६२ मध्ये त्यातून बाहेर पडणारी नदीही पाहिली, पण त्याचा जुना साथीदार रिचर्ड बर्टन ते मानायला तयार नव्हता. सप्टेंबर १८६४ मध्ये दोघांचा जाहीर वाद ठरला होता. आदल्या दिवशी शिकारीवर असताना स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून स्पीक गेला. खरा उगम आणखी दक्षिणेला असणार, या समजुतीनं लिव्हिंगस्टन हिंडत होता. न्यांग्वेत त्याला पुढं जायला होड्या मिळेनात. जुलैमध्ये गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी भर बाजारात गोळीबार केला, शेकडो माणसं मारली गेली. ते पाहून हादरलेला लिव्हिंगस्टन टांगानिका सरोवराकाठच्या उजिजीला परतला. तिथंच त्याला शोधायला आलेला पत्रकार हेन्री स्टॅन्ली भेटला.

या शोधांचं श्रेय मोजक्या गोऱ्या नावांवर जमा आहे. प्रत्यक्षात वाट दाखवणारे, ओझी वाहणारे, गावोगावच्या प्रमुखांशी बोलणी करणारे दुसरेच होते, आणि त्यांतल्या काहींचा आपल्याकडच्या गावांशी संबंध होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला सिदी मुबारक पश्चिम भारतात वाढला, मालक वारल्यावर सुटून आफ्रिकेत परतला. त्याला सगळे ‘बॉम्बे’च म्हणत. स्पीक त्याच्याशी हिंदुस्थानीत बोलायचा. म्हणजे नाईलच्या शोधाची निम्मी बोलणी या भाषेतून झाली म्हणायला हरकत नाही. ब्रिटिश आरमारानं गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुलं मुंबईत उतरवली जात. त्यांतल्या अनेकांना नाशिकजवळ शरणपूरला मिशनरी मंडळींनी वसवलं, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. आजचा शरणपूर रोड तिथलाच. १८६६ च्या मोहिमेवर निघताना लिव्हिंगस्टननं तिथल्या नऊ जणांना बरोबर घेतलं.

शरणपूरलाच शिकलेला जेकब वेनराइट १८७२ मध्ये मदतीच्या तुकडीतून लिव्हिंगस्टनकडे पोहोचला. मे १८७३ मध्ये बांग्वेउलू सरोवराच्या दलदलीजवळ लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा सुसी आणि चुमा या त्याच्या जुन्या नोकरांच्या पुढाकारानं हृदय तिथल्या झाडाखाली पुरण्यात आलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला गेला. प्रार्थना वेनराइटनं वाचली, झाडावर नावही त्यानंच कोरलं. तो देह माणसांनी नऊ महिने चालत किनाऱ्यावर बागामोयोला आणला. वाटेत भेटलेल्या ब्रिटिश आरमारी अधिकारी व्हर्नी कॅमेरॉननं इथंच पुरा असं सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. लिव्हिंगस्टनची मोजमापाची उपकरणं मात्र त्यानं स्वतःकडे ठेवून घेतली.

पुढच्या वर्षी कॅमेरॉन न्यांग्वेला पोहोचला. त्याच्याही ताफ्यात सिदी मुबारक होता. न्यांग्वेची उंची नाईलवरच्या गोंडोकोरोपेक्षा कमी भरली आणि पाणी मात्र कितीतरी जास्त. वरच्या अंगाच्या गावाला खालून पाणी चढत जाणार नाही, म्हणजे ही नाईल नव्हे, काँगोच असणार. ते सिद्ध केलं स्टॅन्लीनं. सुट्या भागांची बोट माणसांच्या डोक्यावर वाहून नेत, वाटेत लढत आणि लुटत तो ऑगस्ट १८७७ मध्ये अटलांटिकजवळच्या बोमाला उतरला. तिन्ही गोरे सोबती मेले, आफ्रिकी माणसं तर कितीतरी.

इथून पुढं भूगोल संपला आणि दावेदारी सुरू झाली. नाईल म्हणजे इजिप्त, तिथं ब्रिटन आणि फ्रान्सची नजर आधीच होती. काँगोचं आतलं खोरं मात्र युरोपच्या लेखी कुणाचंच नव्हतं. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड अशाच जागेच्या शोधात होता. त्यानं स्टॅन्लीला नोकरीवर ठेवलं. १८७९ पासून पाच वर्षं ठाणी उभी राहिली आणि प्रमुखांचे अंगठे घेऊन शेकडो करार झाले, ज्यांत काय लिहिलंय हे त्या प्रमुखांना कळणं शक्यच नव्हतं. तोवर फ्रान्सकडून द ब्राझानं १८८० मध्ये माकोको राजाशी करार करून उत्तरेचा काठ पटकावला. ब्राझाव्हिल हे नाव त्याचंच.

पोर्तुगालचा दावा सगळ्यांत जुना. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगु कांव १४८० च्या दशकातच काँगोच्या मुखाशी आला होता, गोवा घेण्याच्या पाव शतकापूर्वी. फेब्रुवारी १८८४ मध्ये ब्रिटननं हा दावा मान्य करणारा करार केला, त्यावर इतर देश उखडले आणि जर्मनीचा चान्सेलर बिस्मार्कनं बर्लिनला बैठक बोलावली. चौदा देश आले, आफ्रिकेतला एकही राज्यकर्ता नव्हता. तिथं पट्टी ठेवून खंड कापला, हे चित्र मात्र अतिरंजित आहे. मुख्य विषय काँगो आणि नायजर नद्यांवर सर्वांना खुली वाहतूक हाच होता, आणि ताबा सिद्ध करण्याची अट फक्त किनाऱ्यापुरती होती. खरा डाव बैठकीबाहेर झाला: लिओपोल्डनं काँगोसाठी काढलेल्या संस्थेला एकेक देश मान्यता देत गेला आणि सुमारे तेवीस लाख चौरस किलोमीटर मुलूख एका माणसाच्या खाजगी मालकीचा झाला. तिथल्या रबरासाठी झालेले अत्याचार इतके बाहेर आले, की १९०८ मध्ये बेल्जियम सरकारला तो आपल्याकडे घ्यावा लागला.

फ्रान्सनं काँगोच्या बाजूनं नाईल गाठायचाही प्रयत्न केला. फ्रेंच अधिकारी मार्शांची तुकडी बोटीचे भाग ओढत जुलै १८९८ मध्ये नाईलकाठच्या फाशोदाला पोहोचली. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सेनापती किचनर फौज घेऊन समोर उभा राहिला. युद्ध टळलं, फ्रान्सनं माघार घेतली. मार्च १८९९ मध्ये दोघांनी काँगो आणि नाईल यांच्यामधला जलविभाजक, म्हणजे दोन्हींचं पाणी वेगळं करणारा उंचवटा, हीच सीमा ठरवली. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि दक्षिण सुदान यांच्यातली सीमा आजही त्याच रेषेवर आहे.