सुईपासून भिंतीपर्यंत : घरगुती स्टिरिओच्या जुळवणीमागचा इतिहास

टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घरी आणल्यावर खरे काम सुरू होते. कार्ट्रिजचे, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीचे, स्क्रू सैल करून ते मिलिमीटरभर पुढेमागे सरकवायचे, सुईचा भार ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मोजायचा, स्पीकर भिंतीपासून ओढून पुढे घ्यायचे, खुर्ची हलवायची आणि पुन्हा तीच रेकॉर्ड लावून ऐकायची. नवख्याला हे सारे छांदिष्टपणाचे वाटते. परंतु यातल्या जवळजवळ प्रत्येक कृतीमागे कोणत्या ना कोणत्या काळी अभियंत्यांनी पत्करलेली एक तडजोड आहे, आणि ती समजली की कोणता स्क्रू कशासाठी आहे आणि कोणत्या गोष्टीवर वेळ घालवणे व्यर्थ आहे, हेही आपोआप कळू लागते.

एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्यानंतरची सुमारे चार दशके मुद्रण पूर्णपणे यांत्रिक होते. कर्ण्यात गायचे आणि कर्ण्यातूनच ऐकायचे, अशा त्या व्यवस्थेत ऐकणाऱ्याच्या हाती जुळवण्यासारखे फारसे काही नव्हते. १९२५ मध्ये विद्युत मुद्रण बाजारात आले आणि त्याच वर्षी चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी हलत्या कॉइलच्या स्पीकरचा आराखडा मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. तरीही लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम चार-पाच मिनिटांत संपत असे, आणि खाचेवर शंभर ग्रॅमहून अधिक वजन टाकणारे पिकअप, म्हणजे सुई धरणारे भाग, सर्रास वापरात होते. अशा वेळी खुर्ची कुठे ठेवावी, याची चर्चा कोण करणार?

परिस्थिती पालटली ती १९४८ मध्ये. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने विनाइलची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावणारी तबकडी आणली. खाच बारीक झाल्यामुळे सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉनवरून २५ मायक्रॉनवर आली, आणि इतक्या मऊ पदार्थावर जड पिकअप चालणे अशक्य झाले. सुईचा भार मोजण्याची गरज इथून सुरू होते. आजची बहुतेक कार्ट्रिजे दीड ते दोन ग्रॅमवर चालतात, आणि त्यात गंमत अशी की भार गरजेपेक्षा कमी ठेवणे हे किंचित जास्त ठेवण्यापेक्षा अधिक घातक ठरते, कारण सुई खाचेच्या भिंतींवर नीट न टेकता आपटत राहते आणि रेकॉर्ड कायमची खराब होते.

त्याच काळातली दुसरी तडजोड डोळ्यांना दिसत नाही, पण फोनो स्टेजच्या, म्हणजे सुईकडून आलेला क्षीण संकेत वाढवून सुधारणाऱ्या भागाच्या, रूपाने प्रत्येक संचात असते. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खाच इतकी रुंद डोलते की शेजारच्या वळणात घुसते. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि तार स्वर उचलतात, व वाजवताना नेमके उलट करतात. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे असल्यामुळे जुन्या प्री-अ‍ॅम्पवर त्यासाठी वेगळी बटणे असत. १९५४ मध्ये अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा, आरआयएएचा, वक्र प्रमाण मानला गेला आणि हा गोंधळ हळूहळू मिटला. या वक्रानुसार वाजवताना २० हर्ट्झजवळचा आवाज मध्यम पट्टीच्या तुलनेत जवळजवळ २० डेसिबलने वाढवला जातो. टर्नटेबल साध्या इनपुटला जोडल्यावर आवाज क्षीण आणि पत्र्यासारखा येतो तो यामुळेच. मोटरची घरघर, जमिनीवरची पावले आणि स्पीकरमधून परत येणारी थरथर रेकॉर्डवर एवढी का जाणवते, याचेही उत्तर याच वाढीत आहे. एडगर विल्चर यांनी १९६१ मध्ये एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या टर्नटेबलमध्ये फिरती तबकडी आणि टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, दोन्ही स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या एकाच चौकटीवर बसवले, ते या उपद्रवावर उपाय म्हणून. पुढे टेक्निक्सने १९७० च्या सुमारास थेट मोटरवर फिरणाऱ्या तबकडीचा मार्ग घेतला. तबकडी मोटरला जोडलेल्या पट्ट्याने फिरवणे श्रेष्ठ की थेट मोटरने, हा वाद तेव्हापासून चालू आहे. माझ्या मते टर्नटेबल ज्या फळीवर ठेवले आहे ती फळी त्याहून अधिक फरक करते.

टोनआर्मची भूमिती हे या सगळ्यातले सर्वांत सुंदर कोडे आहे. मूळ तबकडी कोरणारे अवजार केंद्राकडे सरळ रेषेत सरकते. घरचा टोनआर्म मात्र एका खुंटीभोवती फिरतो, म्हणून सुई कंसाकार मार्गाने जाते. साहजिकच सुई खाचेशी अचूक समांतर असते ती जास्तीत जास्त दोन ठिकाणी. पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये या दोषाचा हिशेब मांडला, एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये तो गणिताने पक्का केला. बेअरवाल्ड यांच्या हिशेबाने ते दोन बिंदू केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात, आणि कार्ट्रिज जुळवण्याच्या कागदी पट्टीवर छापलेल्या दोन फुल्या म्हणजे हेच बिंदू. आतल्या बिंदूला एवढे महत्त्व का, तेही आकड्यांवरून उघड होते : बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, तर आतल्या टोकाला जेमतेम २१ सेंटिमीटर. तोच स्वर निम्म्याहून कमी लांबीत दाटून बसलेला असल्यामुळे कोनातली छोटी चूकही तिथे किरकिरीच्या रूपात ऐकू येते. आर्मला दिलेल्या तिरकसपणामुळे सुई आत ओढली जाते, आणि अँटिस्केटिंगची चकती त्या ओढीला उतारा म्हणून आली.

मग स्टिरिओ. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये दाखल केलेल्या पेटंटमध्ये एकाच खाचेत डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या कोरण्याची रीत होती : खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत कललेल्या आणि प्रत्येक भिंतीवर एक वाहिनी. सुईची आडवी हालचाल म्हणजे दोन्ही वाहिन्यांची बेरीज आणि उभी हालचाल म्हणजे वजाबाकी, अशी ही मांडणी असल्याने जुन्या एकवाहिनी रेकॉर्डशी तिचा मेळ बसत होता. ब्लमलाइन १९४२ मध्ये विमान अपघातात गेला आणि त्याची कल्पना प्रत्यक्ष बाजारात यायला १९५८ उजाडले. कार्ट्रिज समोरून पाहताना जराही एका बाजूला झुकलेले नको, असा आग्रह धरतात त्याचे मूळ या ४५ अंशांत आहे; ते झुकले की एका वाहिनीतला आवाज दुसरीत झिरपतो आणि वाद्यांच्या जागा पुसट होतात.

स्टिरिओने घरात दुसरा स्पीकर आणला, आणि इथे प्रथमच खोलीचा प्रश्न समोर आला. पॉल क्लिप्श यांचा १९४० च्या दशकातला प्रसिद्ध कर्णा-स्पीकर खोलीच्या कोपऱ्यातच बसवावा लागे, कारण तिथल्या दोन भिंतीच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग होत्या. पूर्ण खर्ज हवा तर कपाटाएवढा खोका, हा त्या काळचा नियमच होता, आणि असे दोन खोके किती घरांत मावणार? विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ स्पीकरमध्ये हवाबंद छोट्या खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरली आणि फळीवर मावणाऱ्या स्पीकरमधून खोल खर्ज काढून दाखवला. स्पीकर कोपऱ्यातून सुटले. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण, म्हणजे स्पीकरमध्ये ६० अंशांचा कोन, घरोघरी साधणे शक्य झाले ते या सुटकेमुळे. चार वाहिन्यांचा प्रयोग १९७० च्या दशकात आला आणि गेला. त्याची एक उपयुक्त खूण मागे राहिली ती शिबाता सुईची, जी अतिसूक्ष्म कंपने वाचण्यासाठी घडवली होती आणि आज चांगल्या स्टिरिओ कार्ट्रिजांत मिळते.

खोलीचे शास्त्र मात्र यातल्या बहुतेक शोधांहून जुने आहे. वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्डमधल्या एका घुमणाऱ्या सभागृहात रात्री ऑर्गनची नळी वाजवून, घड्याळ हातात धरून आणि शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून घुमण्याचा काळ मोजला, आणि त्यातून आजही वापरले जाणारे सूत्र निघाले. हे सूत्र मोठ्या सभागृहांचे. घरच्या खोलीत ते अपुरे पडते, हे सौम्यपणे सांगायला हवे, कारण पडदे आणि गालिचे लावून खर्जाचा त्रास जाईल या भरवशावर अनेकजण राहतात. पाच मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ३४ हर्ट्झचा स्वर समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत स्थिर लहर होऊन उभा राहतो. नेमक्या मधोमध बसले तर तो जवळजवळ नाहीसा होतो, पाठ भिंतीला टेकवली तर तोच छातीवर बसतो. मॅनफ्रेड श्रोडर यांच्या सूत्रानुसार पाच बाय चार मीटरच्या, बेताच्या घुमणाऱ्या खोलीत स्थिर लहरींची ही मक्तेदारी साधारण १७० हर्ट्झपर्यंत चालते. त्याखाली पडदा काही करत नाही. खुर्ची अर्धा मीटर सरकवणे खूप काही करते.

त्याच्या वरच्या पट्टीत प्रश्न परावर्तनांचा. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखवले की मूळ आवाजानंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत येणारा प्रतिध्वनी कान वेगळा ऐकत नाही, त्याला मूळ आवाजातच मिसळून घेतो. बाजूच्या भिंतीवरून दीड मीटर जास्त अंतर कापून आलेला आवाज जेमतेम साडेचार मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे तो या मर्यादेत सहज बसतो. त्याचे काय करायचे, यावर मात्र दोन पंथ पडले. १९८० च्या आसपास ध्वनिमुद्रणाच्या नियंत्रण-कक्षांत पुढचा भाग शोषक आणि मागचा भाग आवाज विखुरणारा ठेवण्याची रीत रुजली, आणि श्रोडर यांनीच १९७० च्या दशकात मांडलेल्या खाचांच्या फळ्या विखुरण्यासाठी वापरात आल्या. कॅनडात फ्लॉइड टूल यांनी कोणता स्पीकर वाजतो आहे ते न दाखवता घेतलेल्या श्रवणचाचण्यांमधून वेगळीच बाजू पुढे आणली : स्पीकरचा बाजूला फेकला जाणारा आवाज समोरच्या आवाजासारखाच नितळ असेल तर भिंतीवरून आलेले परावर्तन बहुतेकांना आवडते, वाद्ये मांडलेला कल्पित मंच रुंद झाल्यासारखा वाटतो. म्हणून भिंतीवर फोम चिकटवण्याआधी स्पीकर खुर्चीकडे थोडे वळवून आणि मग सरळ करून, दोन्ही रीतींनी एकच ओळखीची रेकॉर्ड ऐकून पाहावी. हा प्रयोग फुकट आहे आणि बहुतेक वेळा फोम दुकानातच राहतो.