फ्रीडम अँड सिटिझनशिप

न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचा शाळकरी मुलांसाठीचा उन्हाळी अभ्यासवर्ग. ‘स्वातंत्र्य आणि नागरिकत्व’ हा नावाचा अर्थ. सुरुवात २००९ मध्ये. अकरावी संपवून बारावीत जाणारी, बेताच्या कमाईच्या घरांतली मुले यात घेतात. अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे तेच पहिले. शुल्क नाही. आसपासच्या वस्त्यांतील मुलांसाठी १९६५ पासून काम करणारे विद्यापीठाचे डबल डिस्कव्हरी सेंटर या उपक्रमात भागीदार आहे.

वर्गाची रीत मात्र जुनी. विद्यापीठाच्या पदवी महाविद्यालयात, कोलंबिया कॉलेजमध्ये, ‘कंटेम्पररी सिव्हिलायझेशन’ (समकालीन संस्कृती) हा विषय १९१९ पासून शिकवला जातो आणि तो कोणालाच चुकत नाही, मग विद्यार्थी भौतिकशास्त्राचा का असेना. टेबलाभोवती मोजकी मुले, हातात मूळ ग्रंथ आणि प्रश्न विचारणारे प्राध्यापक. हाच साचा उन्हाळी वर्गाने उचलला. प्लेटो, ॲरिस्टॉटल, हॉब्ज, लॉक, रूसो यांच्यापासून १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, गुलामीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस, लिंकन, मार्टिन लूथर किंग असा वाचनाचा प्रवास होतो. सकाळच्या चर्चेनंतर वाचन-लेखनात मदत करायला कॉलेजातले ताई-दादा असतात.

ही यादी नुसती कालक्रमाची नाही. प्लेटोच्या लेखनातला सॉक्रेटिस दोषी ठरल्यावर न्यायसभेपुढे सांगतो, की तीसच मते इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो. आणि शिक्षा सुचवायची वेळ येते तेव्हा नगराच्या खर्चाने जेवण मागतो. पुढे प्लेटोच्याच ‘क्रिटो’ या संवादात मित्र पळून जायची सोय करतो, तर हा कायद्याची बाजू मांडत तुरुंगातच बसतो. १९६३ मध्ये किंग अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहितात तेव्हा अन्यायी कायदा मोडण्याच्या समर्थनात याच सॉक्रेटिसचे नाव घेतात. आता कायदा पाळणारा सॉक्रेटिस खरा, की किंग यांचा? सतरा वर्षांच्या मुलांना वाद घालायला याहून चांगले खाद्य मिळणे कठीण.

उपक्रमाच्या उभारणीत रूझवेल्ट मोंतास यांचा वाटा मोठा. डॉमिनिकन रिपब्लिकमधून बाराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ते न्यूयॉर्कला आले. शाळेत असताना शेजाऱ्यांनी कचऱ्यात टाकलेल्या पुस्तकांत त्यांना प्लेटोचे संवाद सापडले. पुढे ते कोलंबियातच शिकले आणि २००८ ते २०१८ या काळात तिथल्या ‘कोअर’ म्हणजे सर्वांना सक्तीच्या अभ्यासक्रमाचे संचालक होते. पाश्चात्त्य गोऱ्या पुरुषांचीच पुस्तके का, हा आक्षेप अशा वर्गांवर नेहमी येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पण ही पुस्तके गरिबांच्या मुलांना झेपणार नाहीत, असे परस्पर ठरवणे त्याहून वाईट, ही मोंतास यांची बाजू अधिक पटणारी आहे.

मराठी वाचकाला इथे डॉ. आंबेडकर आठवतील. १९१३ ते १९१६ ते याच विद्यापीठात होते, अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांचे विद्यार्थी. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नव्हे, तर सहजीवनाची रीत आहे, हा ड्युईंचा विचार त्यांनी १९३६ च्या ‘जातिसंहार’ (‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’) निबंधात आपलासा केला.

उन्हाळा संपला तरी सुटका नाही. बारावीच्या वर्षभर मुले अधूनमधून जमतात, एखादा सार्वजनिक प्रश्न धरून त्यावर गटाने काम करतात. जोडीला महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जांना मदत मिळते. टीगल फाउंडेशन या शिक्षणाला अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थेने ‘नॉलेज फॉर फ्रीडम’ या नावाखाली असे वर्ग अमेरिकेतील इतर महाविद्यालयांतही सुरू करायला पैसे दिले आहेत. आपल्याच न्यू हेवन शहराच्या सरकारी शाळांतील मुलांसाठी येल विद्यापीठ चालवते तो ‘सिटिझन्स, थिंकर्स, रायटर्स’ हा वर्ग याच जातकुळीतला.