बरा हात बांधून ठेवा

अंगावरून वारं गेलेल्या माणसाचा डावा हात जेमतेम हलतो आहे. उपचार करणारे त्या हाताकडे वळण्याआधी त्याच्या धडधाकट उजव्या हातात बोटं नसलेला जाडजूड मोजा चढवतात. आंघोळ आणि तोल जाण्याची भीती असलेली कामं सोडली, तर दोन आठवडे जागेपणी तो काढायचा नाही. जेवायचं डाव्याने, दार उघडायचं डाव्याने, बटणंही डाव्यानेच लावायची. शिवाय रोज काही तासांचा सराव वेगळाच. घरच्यांना हा छळ वाटला तर नवल नाही. पण स्ट्रोकनंतर हात परत वापरात आणण्यासाठी ज्या मोजक्या उपचारांना भक्कम पुरावा आहे, त्यांत हा एक आहे.

त्याचं मूळ माकडांवरच्या प्रयोगांत आहे. १८९५ साली मॉट आणि शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकडाच्या एका हाताकडून मज्जारज्जूत येणाऱ्या संवेदी चेता, म्हणजे स्पर्शाची जाणीव आणणाऱ्या नसा, कापल्या. हाताला हुकूम देणाऱ्या चेता शाबूत होत्या, तरी माकडाने तो हात वापरणं सोडून दिलं. संवेदना नसेल तर हेतूपूर्वक हालचाल होत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो बराच काळ टिकला. पुढे एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तोच प्रयोग करून एक साधी गोष्ट जास्तीची केली. त्याने माकडाचा चांगला हात बांधून टाकला. मग माकड तो ‘निकामी’ हात वापरायला लागलं.

टॉबचं स्पष्टीकरण मला फार पटतं. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला हात खरोखरच चालत नाही. माकड प्रयत्न करतं, अन्न हातातून पडतं. दुसऱ्या हाताने मात्र काम लगेच होतं. काही आठवड्यांनी हातातली क्षमता बरीचशी परत येते, पण तोवर हा हात उपयोगाचा नाही हे माकड शिकून बसलेलं असतं. म्हणजे न वापरणं हीसुद्धा शिकलेली सवय असते. मेंदू बदलतो, हे आपण नेहमी चांगल्या अर्थाने म्हणतो. इथे तो बदलला, आणि नुकसान झालं.

१९८१ मध्ये मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या टॉबच्या प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडला. स्वयंसेवक म्हणून आत शिरलेल्या एका प्राणिहक्क कार्यकर्त्याने १७ माकडांच्या दुरवस्थेचे फोटो काढले होते. खटला झाला, टॉब दोषी ठरला, पुढे वरच्या न्यायालयात ती शिक्षा रद्द झाली. माकडं कुणाच्या ताब्यात द्यायची यावरचं भांडण मात्र काही वर्षं चाललं, आणि त्यामुळेच विज्ञानाच्या हाती एक अनपेक्षित गोष्ट लागली. संवेदी चेता कापून १२ वर्षं लोटलेली माकडं तोवर कुणी तपासलीच नव्हती.

मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशा असतो आणि त्यात हाताचा पट्टा चेहऱ्याच्या पट्ट्याला लागून असतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या माकडांच्या चेहऱ्याला स्पर्श केला की हाताचा अख्खा पट्टा जागा होत होता. अशी सरमिसळ फार तर एक-दोन मिलिमीटर होते, अशी तोवरची समजूत होती. इथे ती १० मिलिमीटरच्या पुढे गेली होती. शेत पडीक राहिलं की शेजारी दर नांगरणीला बांध कोरत आत येतो, तसं काहीसं. त्याच सुमारास सॅन डिएगोतले मूळचे तमिळनाडूचे व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापावा लागलेल्या माणसांच्या गालाला कापसाचा बोळा लावून पाहिला. काहींना तो स्पर्श गालाबरोबर नसलेल्या हाताच्या बोटांवरही जाणवला. मेंदू स्वतःची जोडणी नव्याने करतो, ही कल्पना इथून घराघरांत पोहोचली.

ती जरा जास्तच पोहोचली, असं माझं मत आहे. केंब्रिजच्या तमार माकिन यांच्यासह काही संशोधकांनी २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हात कापावा लागणार हे आधीच ठरलेल्या तीन माणसांच्या मेंदूचे स्कॅन त्यांनी शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काढले. नसलेली बोटं हलवायचा प्रयत्न करा, असं सांगितल्यावर मेंदूतला हाताचा नकाशा जवळपास होता तसाच उमटला, एकाच्या बाबतीत तर पाच वर्षांनंतरही. ओठांनी त्या जागेत शिरकाव केल्याचं दिसलं नाही. बांध कोरलेला दिसत असला, तरी सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच होतं. प्रौढ मेंदू वाटेल तो भाग वाटेल त्या कामाला लावतो, हे म्हणणं त्यामुळे जपूनच करायला हवं.

मग स्ट्रोकनंतर माणसं सुधारतात ती कशी? रक्तपुरवठा तुटल्यावर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक अंदाज आहे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून तर पहिल्या काही तासांत हॉस्पिटल गाठायचं. पण आजूबाजूच्या पेशी मेलेल्या नसतात, नुसत्या गप्प झालेल्या असतात. सूज उतरते तशा त्या कामाला लागतात. वाचलेल्या पेशींना नवे फाटे फुटतात, पूर्वी दबून असलेल्या जोडण्या वर येतात. यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत घडतं. या काळात काय टिकतं आणि काय विरून जातं, हे पुष्कळसं वापरावर ठरतं. अमेरिकन संशोधक रँडॉल्फ नूडो यांनी १९९६ मध्ये माकडांत दाखवलं, की मेंदूतल्या छोट्या इजेनंतर बोटांचा सराव करून घेतला तर शेजारचा शाबूत भाग हाताकडेच राहतो. सराव नसेल तर तोही कमी होतो.

मोज्याच्या उपचाराची मोठी चाचणी अमेरिकेत २२२ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेल्या या रुग्णांपैकी ज्यांनी मोजा आणि सराव केला, त्यांचा हात वर्षभरानंतरही इतरांपेक्षा चांगला चालत होता. अट एकच आणि ती महत्त्वाची: मनगट आणि बोटं थोडी तरी मागे वळवता यायला हवीत.

घाई मात्र नको. इजेनंतर लगेच उंदरांना अधू पाय सक्तीने वापरायला लावला तेव्हा मेंदूतली जखम वाढली. माणसांतही, स्ट्रोकनंतरच्या पहिल्या दिवसांत सरावाचा जड मारा केलेल्या गटाची प्रगती तीन महिन्यांनी कमीच भरली, हे २००९ च्या एका चाचणीत दिसलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७२ रुग्णांच्या अभ्यासात जादा २० तासांच्या सरावाचा सर्वांत मोठा फायदा झाला तो स्ट्रोकनंतर दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यावर सराव केलेल्यांना.

आणि नेमका हाच काळ आपल्याकडे मायेत जातो. ‘राहू दे, तू नको त्रास घेऊस’ म्हणत सून घास भरवते, मुलगा बटणं लावतो, बाबा बरा हात पुढे करून बाकीचं उरकतात. वाईट कुणाच्याच मनात नसतं. पण टॉबच्या माकडांनी जे शिकून घेतलं तेच इथे शिकवलं जातं. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टना विचारून यातली दोन-तीन कामं तरी अधू हातावर सोडावीत. वाटीतला चमचा उचलायला पाच मिनिटं लागली तर लागू द्यावीत. पुनर्वसन केंद्रांवरच्या एका पाहणीत एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ वेळाच होत असल्याचं आढळलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही संख्या दिवसाला काहीशे असते. फरक घरीच भरून काढावा लागतो.

ज्यांचा हात जास्त अधू आहे त्यांच्यासाठी २०२१ मध्ये अमेरिकेत एका उपकरणाला मंजुरी मिळाली. गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेलं हे यंत्र रुग्ण हालचाल करत असतानाच मानेतल्या व्हेगस चेतेला हलका विजेचा झटका देतं. त्या क्षणी मेंदूत अशी रसायनं सुटतात, जी चालू असलेली जोडणी पक्की व्हायला मदत करतात. चाचणीतल्या रुग्णांना सहा आठवड्यांत १८ सत्रं करावी लागली, प्रत्येक सत्रात ३०० हून अधिक हालचाली.