डच चित्रकलेतील घरगुती दृश्ये

सतराव्या शतकातील डच प्रजासत्ताकात (आजच्या नेदरलँड्समध्ये) घरातले रोजचे व्यवहार हाच मुख्य विषय मानणारी एक चित्रपरंपरा बहरली. दूध ओतणे, मुलाच्या उवा काढणे, आलेले पत्र वाचणे, धुतलेल्या कापडांच्या घड्या कपाटात रचणे असे हे विषय. साधारण १६२० ते १६७५ हा तिचा काळ, आणि त्यातही १६५० नंतरची पंचवीस वर्षे सर्वांत कसदार. डेल्फ्ट, लायडन, हार्लेम, डॉर्ड्रेख्ट, देव्हेंटर आणि आम्स्टरडॅम ही तिची मुख्य गावे. पीटर दे होख (जन्म १६२९), योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५), गेरार्ड तेर बोर्ख (१६१७–१६८१), गॅब्रिएल मेत्सू (१६२९–१६६७), निकोलास मास (१६३४–१६९३) आणि यान स्टेन (१६२६–१६७९) हे तिचे प्रमुख चित्रकार. ही चित्रे पाहताना आपण कुणाच्या घरात न सांगता शिरलो आहोत असे वाटते. ती घरे मात्र जशी होती तशी उतरवलेली नाहीत; चित्रकारांनी ती बेताने रचलेली आहेत.

स्पेनशी चाललेले दीर्घ युद्ध १६४८ च्या तहाने संपले. व्यापारातून आलेला पैसा शहरांतल्या मध्यमवर्गापर्यंत झिरपला होता. वेंगुर्ल्याला वखार घालणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा त्यात मोठा वाटा. कॅल्व्हिनपंथी (प्रोटेस्टंट) चर्चने प्रार्थनास्थळांतून चित्रे हद्दपार केल्यामुळे वेदीवर लावायच्या धार्मिक चित्रांचे काम बंद पडले होते, आणि मोठे राजदरबारही या देशात नव्हते. त्यामुळे चित्रकार बहुतेक वेळा आधी चित्र काढी आणि मग गिऱ्हाईक शोधी. गिऱ्हाईक म्हणजे दारू गाळणारा, कापडवाला, वकील, कधी कधी बेकरीवाला. ते चित्र बैठकीच्या खोलीत लागणार, म्हणून आकार लहान आणि विषय घरातला. काहींना मात्र भाव भरपूर मिळे. लायडनच्या गेरिट डाऊची नवी चित्रे सर्वांआधी पाहून निवडण्याच्या हक्कापोटी पीटर स्पिरिंग हा संग्राहक त्याला वर्षाला ५०० गिल्डर (तेव्हाचे डच चलन) देत असे.

या परंपरेचा आत्मा एका चित्रात पाहायचा तर दे होखचे ‘आईचे कर्तव्य’ हे चित्र घ्यावे. ते १६५८–६० च्या सुमाराचे असून आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आई बसली आहे, मूल तिच्या मांडीत डोके खुपसून गुडघ्यांवर टेकले आहे, आणि ती त्याच्या केसांतल्या उवा शोधते आहे. मागे भिंतीतच बसवलेला पलंग. उजवीकडे पुढे लहान मुलांची शौचाची लाकडी खुर्ची. ही खुर्ची इतक्या ठळक जागी ठेवणारा चित्रकार इटलीत त्या काळी सापडणे कठीण! डावीकडे दार उघडे आहे, पलीकडच्या खोलीत आणखी एक दार, त्यातून ऊन आत येते, आणि कुत्रे आपल्याकडे पाठ करून त्या उजेडाकडे तोंड करून बसले आहे. आई आणि मूल अर्ध्या सावलीत आहेत. चित्रातला सर्वांत लख्ख भाग रिकाम्या खोलीचा आहे, आणि त्यामुळेच सावलीतल्या दोघांचे एकमेकांजवळ असणे जाणवते. उवा काढायच्या फणीला तेव्हा नैतिक अर्थही होता. रूमर फिसर या डच कवीच्या १६१४ च्या बोधचिन्हांच्या (चित्र आणि बोधवचन यांच्या जोड्यांच्या) पुस्तकात फणीच्या चित्राशेजारी ‘ती स्वच्छ करते आणि शोभाही आणते’ अशा अर्थाचे लॅटिन वचन छापले आहे. मुलाचे डोके साफ ठेवणे म्हणजे त्याचे मन साफ ठेवणे, हा इशारा विकत घेणाऱ्याला कळत असणार. पण चित्र त्या इशाऱ्यावर चालत नाही. ते चालते आईच्या बोटांवर आणि निमूट पडून राहिलेल्या मुलावर.

एका खोलीतून दुसरीत, तिच्यातून अंगणात किंवा कालव्यापर्यंत नजर नेण्याच्या या युक्तीला डच लोक डोरकाइकये म्हणतात. दे होख हा तिचा उस्ताद. त्याचे वडील गवंडी आणि आई सुईण होती. विटा, फरश्या, चौकटी यांच्याबद्दल त्याला वाटणारे प्रेम वडिलांकडून आले असे म्हणण्याचा मोह होतो. त्याची काम करण्याची पद्धत एका चित्रात उघडी पडली आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत दोन पुरुषांबरोबर मद्य घेणाऱ्या बाईचे चित्र आहे. त्यातल्या मोलकरणीच्या घागऱ्यातून खालची फरशी आज आरपार दिसते. दे होखने आधी खोली पूर्ण रंगवली आणि माणसे नंतर आणली; काळाच्या ओघात वरचा रंग पारदर्शक झाला आणि हे उघड झाले. शेकोटीजवळ आधी रंगवलेला एक दाढीवाला पुरुष त्याने पुसूनही टाकला होता. थोडक्यात, घर आधी ठरे, त्यात कोण राहणार ते मागाहून.

घरही खरे असेच असे नाही. विलेमेइन फॉक या कला-इतिहासकार बाईंनी त्या काळच्या घरगुती मालमत्तेच्या याद्या तपासून दाखवले की या चित्रांत सर्रास दिसणारी काळ्या-पांढऱ्या संगमरवराची फरशी प्रत्यक्षात फार थोड्या घरांत होती, आणि तिथेही बहुधा प्रवेशाच्या दालनापुरती. राहत्या खोल्यांची जमीन सहसा लाकडी असे. छताला टांगलेली भलीमोठी पितळी झुंबरेही घरांपेक्षा चर्चमध्ये जास्त. चौकटींची फरशी चित्रकाराला हवी होती ती दालनाचे आत जाणारे अंतर रेषांनी बांधून काढायला. व्हर्मीरच्या डझनभराहून अधिक चित्रांत, सर्व रेषा जिथे मिळतात त्या बिंदूवर टाचणीचे छिद्र सापडले आहे. तिथे टाचणी टोचून, तिला दोरा बांधून तो रेषा आखत असावा.

व्हर्मीरची गोष्ट या दृष्टीने आणखी बोलकी आहे. डेल्फ्टमध्ये सासूच्या घरी तो राहत होता, आणि त्याच्या मृत्यूच्या वेळी अकरा मुले हयात होती. एवढ्या घरात शांतता कुठली? तरी त्याच्या खोल्यांच्या चित्रांत एकही मूल नाही. दोन मुले दिसतात ती ‘छोटी गल्ली’ या चित्रात, तीही रस्त्यावर, पाठमोरी. त्याची ‘दूधवाली’ साधारण १६५८–६० ची, जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच. पिवळ्या चोळीतली धट्टीकट्टी मोलकरीण मातीच्या भांड्यात दुधाची धार धरून उभी आहे. पावाच्या कडेवर उजेडाचे ठिपके आहेत, मागच्या भिंतीवर खिळा आणि त्याची सावलीसुद्धा आहे. राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत असे आढळले की तिच्या मागे भिंतीवर आधी सुरया टांगायची फळी होती, आणि खाली कोपऱ्यात निखाऱ्यांसाठीची विणलेली टोपली. दोन्ही व्हर्मीरनेच झाकून टाकल्या. आज जी भिंत आपल्याला साधी, नैसर्गिक वाटते ती अशी गाळून-गाळून झाली आहे.

या दृश्यांचा अर्थ काय, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला. एडी दे योंग यांनी १९७६ च्या राइक्सम्युझियममधील प्रदर्शनात मांडले की ही चित्रे बोधासाठी आणि रंजनासाठी असून त्यांतल्या वस्तू सांकेतिक आहेत: पिंजरा, कालव, पाय शेकायची पेटी, सुटलेली चप्पल, प्रत्येकाला अर्थ. स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ मध्ये उलट बाजू घेतली. डच चित्रकाराला जगाचे वर्णन करण्यातच गोडी होती, प्रत्येक चित्राआड प्रवचन शोधू नये, असे त्यांचे म्हणणे. दे योंग यांची पद्धत पिंजऱ्याला उपयोगी पडते; आईच्या मांडीवरच्या मुलापुढे ती तोकडी पडते, असे या नोंदीचे मत.

तेर बोर्खचे एक चित्र दोन्ही बाजूंना अडचणीत आणते. चंदेरी साटिनचा झगा घातलेली तरुणी पाठमोरी उभी आहे, समोर बसलेला सैनिकी पोशाखातला पुरुष हात उचलून काही बोलतो, शेजारची बाई पेल्यात तोंड घालून बसली आहे. जर्मन लेखक ग्योथेने १८०९ च्या कादंबरीत याला बापाने मुलीला दिलेली समज मानले. पण पुरुष बाप शोभेल इतका वयस्क नाही. त्याच्या बोटांत नाणे असावे, म्हणजे हा सौदा असावा, असाही तर्क झाला. मुलीचा चेहरा दिसत नाही, आणि तेर बोर्खने तो मुद्दामच फिरवलेला आहे. युडिथ लेस्टरने १६३१ मध्येच पैसे पुढे करणारा पुरुष आणि मान वर न करता शिवण चालू ठेवणारी बाई रंगवली होती. तिथे मात्र संदिग्धतेला जागा नाही.

सगळीच घरे शांत नसत. मासच्या चित्रांत जिन्यावर उभी बाई ओठांवर बोट ठेवून आपल्याकडे पाहून हसते, कारण खाली मोलकरणीचे प्रेमप्रकरण चालले आहे. यान स्टेनच्या घरात मुले पाईप ओढतात, मोठी माणसे पेंगतात, भांडी लवंडलेली असतात. पसाऱ्याच्या घराला आजही डच भाषेत ‘यान स्टेनचे घर’ म्हणतात. मेत्सूचे ‘आजारी मूल’ (सुमारे १६६४–६६) मात्र अगदी वेगळे. आईच्या मांडीवर गळून बसलेले मूल, बाजूला खाण्याचे भांडे, भिंतीवर क्रुसावरच्या येशूचे चित्र. आम्स्टरडॅममध्ये १६६३–६४ साली प्लेगने थैमान घातले होते.

फ्रान्सच्या १६७२ मधील स्वारीने चित्रांचा बाजार कोसळला. व्हर्मीर तीन वर्षांनी कर्जात मेला. त्याच्या विधवेने ६१७ गिल्डरच्या उधारीपोटी बेकरीवाल्याकडे दोन चित्रे ठेवली. आम्स्टरडॅममध्ये १६९६ साली झालेल्या लिलावात ‘दूधवाली’ १७५ गिल्डरला गेली. पुढे त्याचे नाव जवळजवळ विसरले गेले. दे होखचे तसे झाले नाही, आणि म्हणून विक्रेते व्हर्मीरची चित्रे दे होखच्या नावावर खपवत. ‘चित्रकलेची कला’ या त्याच्या चित्रावर दे होखची खोटी सही होती, आणि ते व्हर्मीरचे आहे हे १८६० मध्ये ठरले. खिडकीशी पत्र वाचणाऱ्या मुलीचे त्याचे चित्र जर्मनीतल्या ड्रेस्डेनला १७४२ मध्ये आले तेव्हा रेम्ब्रांटचे समजले गेले होते, पुढे दे होखचे. फ्रेंच समीक्षक तोरे-ब्यूर्गर याने १८६६ मध्ये व्हर्मीरवर सविस्तर लेखन केले आणि भाव फिरू लागले. ड्रेस्डेनच्या त्या मुलीमागची कोरी भिंत मागाहून कुणीतरी रंगवलेली निघाली. २०२१ मध्ये पूर्ण झालेल्या साफसफाईनंतर तिथे मदनाचे मोठे चित्र दिसते.